दारावरचा एवस्ताती

दोचकाने ओल्या फडक्याने कागदाच्या कडा भिजवल्या आणि सुरीचं बोथट टोक एवस्तातीच्या हनुवटीखाली हलकेच सरकवलं.

"दुखलं तर सांग," ती म्हणाली.

त्या डोंगरावरच्या गावात माणूस गेलं की त्याचा फोटो आणि चार ओळी छापून रस्त्याकडच्या दारावर चिकटवायच्या, आणि मग दर वर्षी नवा कागद लावायचा. जुना कागद काढायला दोचकाचा हात कधी धजला नाही. नऊ वर्षं ती खळ लावून एकावर एक डकवत आली. फोटो तोच: मधाच्या पेट्यांपाशी उन्हाने डोळे बारीक केलेला तिचा नवरा एवस्ताती. रोज पाव आणायला निघताना ती त्याच्याकडे बघून 'येते हं' म्हणायची, आणि धुकं असलं तर तोही काहीतरी पुटपुटल्यासारखा वाटायचा.

पण तिच्या गल्लीतली अकरा घरं जपायच्या जुन्या वास्तू म्हणून जाहीर झाली आणि नियम आले. अठरा वर्षांपूर्वी इथे घर घेतलेला राडोय गल्लीच्या समितीचा अध्यक्ष झाला. बिचारा मनाने वाईट नव्हता, पण नियमांची पुस्तिका पोथीसारखी छातीशी धरून हिंडायचा. रविवारी वाचनालयात सभा भरली. दारांना मूळचाच रंग हवा, हा नियम निघताच सगळे हमरीतुमरीवर आले. कोणी म्हणे तपकिरी, कोणी म्हणे हिरवा, आणि ठाऊक मात्र कोणालाच नाही. दारावर कागद नको, हा नियम मात्र चुटकीसरशी मंजूर होऊ लागला, तेव्हा दोचका उठून उभी राहिली.

"मग त्याला मी ठेवू कुठे?"

"घरात ठेव ना, मावशी," राडोय हळू आवाजात म्हणाला. "भिंती आहेत की."

"घरात तो कधी असायचा? सारा जन्म दारात उभा राहिला."

 खाली बघत बघत दहा घरांचे हात वर झाले. शनिवारी नगरपालिकेचा माणूस लोखंडी खरवडणी घेऊन येणार होता. त्याच्या हाती नवरा देण्यापेक्षा आपणच काढावा, म्हणून ती आज सुरी घेऊन बसली होती.

कागदांचा जाड थर एकदम सुटून तिच्या मांडीवर आला, आणि त्याच्याबरोबर दाराचा तपकिरी रंगही. मागे कागदाएवढा चौकोन उरला. निळा. दोचका उंबऱ्यावर बसून राहिली. धुक्यात तेवढाच निळा तुकडा तरंगत होता आणि तिला आतून मधाचा वास आल्यासारखं झालं.

नियम पाळला की नाही ते बघायला आलेला राडोय चष्मा पुसत थांबला. मग धावतच गेला आणि नगरपालिकेतल्या, जुन्या वास्तूंचं काम बघणाऱ्या बाईंना घेऊन आला. बाईंनी भिंगातून पाहिलं, नखाने टोकरलं. तपकिरीच्या तीन थरांखालचा हा सगळ्यांत जुना रंग, असं त्या म्हणाल्या. गल्ली गोळा झाली.

"मावशी, इथे सगळ्यांत जुनं माणूस तूच," राडोय म्हणाला. "हा रंग पहिल्यापासूनचा का गं?"

लग्नाच्या आदल्या आठवड्यात एवस्तातीने मधाच्या पेट्या रंगवून उरलेला डबा आणून तोवर रंग न लागलेल्या दाराला फासला होता. 'माशीला आपलं घर लांबून ओळखू येतं, तुलाही येईल,' म्हणाला होता. चार वर्षं सासूने तोंड वाजवलं, तेव्हा कुठे तपकिरी चढला. हे जाणणारं माणूस आता दुसरं उरलं नव्हतं. दोचकाने मांडीवरच्या कागदावरून हात फिरवला.

"मी लग्न करून या घरात आले, तेव्हा हाच होता," ती म्हणाली.

यात खोटं एक अक्षर नव्हतं.

जूनपर्यंत अकराच्या अकरा दारं निळी झाली. डोंगरावरच्या मधमाश्या चुकून गल्लीत उतरतात, आणि राडोय त्यांना पुस्तिकेने हाकलतो. दोचकाने कागद पेटीत ठेवले. सकाळी ती पावाला निघते आणि प्रत्येक दारापाशी थांबून 'येते हं' म्हणते. हल्ली दुकानात पोचायला तिला उशीर होतो.