दोरा संपला

शिंपीणबाईंच्या दुकानासमोर रोज रांग लागायची, पण कपडे शिवायला कोणी यायचं नाही. बाई मशीनवर बसल्या बसल्या थिजायच्या, ओठ चाटायच्या, मांडीवरचं कापड चिवडत काहीबाही पुटपुटायच्या. शेजारी बसलेले त्यांचे दीर, भाऊजी, कान लावून अर्थ सांगायचे: याला नोकरी लागेल, तिचं लग्न जमेल. लोक धन्य होऊन जायचे.

बाईंना यातलं काहीच आठवायचं नाही. आठवायची ती भीती. पोटातून काहीतरी घशाशी चढायचं, जळक्या रबराचा वास यायचा, पुढे काळोख. भानावर याव्यात, तर समोर अनोळखी डोळे खिळलेले. एकदा हात तापलेल्या इस्त्रीवर राहिला. कोणी उचलला नाही. भाऊजी म्हणाले होते, दैवी हात भाजत नाही. तो चांगला भाजला होता.

धाकट्या बहिणीने तो हात पाहिला आणि त्यांना दवाखान्यात नेलं. एकामागून एक तीन औषधं झाली, आकडी हटेना. मग डॉक्टरीणबाईंनी पाच दिवस डोक्याला तारा लावून त्यांना कॅमेऱ्यासमोर ठेवलं आणि शेवटी भाऊजींनाही बोलावलं. पडद्यावर चार झटके दिसले. चारही वेळा आधी मेंदूच्या आलेखात उजव्या कानशिलाकडच्या रेघा उसळल्या, मग बाई पुटपुटल्या. आवाज मोठा केल्यावर शब्द कळले. चारही वेळा तेच: "दोरा संपला."

"नोकऱ्या आणि लग्नं यातून काढलीत?" बहिणीने विचारलं.

भाऊजी पाहुण्यासारखे उठले, चप्पल घालून निघून गेले.

लहानपणच्या तापातल्या झटक्यांनी मेंदूत एक व्रण राहिला होता. वादळ तिथूनच उठायचं. तेवढा भाग काढता येईल, गुण येण्याची आशा चांगली, पण हमी नाही, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. बाईंनी बहिणीचा हात धरला.

"मी मीच राहीन ना?"

"राहाल. त्यासाठीच इतकं तपासलं."

तरीही सही करताना त्यांनी दोनदा पेन खाली ठेवलं. ऑपरेशनला नेईपर्यंत त्यांनी बहिणीचा हात सोडला नाही.

वर्ष झालं. गोळ्या चालू आहेत, आकडी एकदाही आलेली नाही. परवा एक आई आपल्या मुलीला घेऊन आली. मुलगीही अशीच थिजते, म्हणाली, तिच्याही तोंडून कोणी बोलतं का बघा.

बाईंनी मुलीचा हात धरला.

"कोणी बोलत नाही. ही आकडी आहे, तिच्यावर इलाज आहे. भीती मलाही वाटली होती. चला, मी येते बरोबर."

आणि त्यांनी दुकानाचं दार ओढून घेतलं.