भाता

“ओ भाऊ, तुमी जरा बाजूले सरका ना! पब्लिकले बाई दिसूनच नाई रायल्या,” माइकवरचा माणूस म्हणाला.

शहरात राजापेठेतल्या मंगल कार्यालयात महिला भजन स्पर्धा होती. मंचावर खुशालराव लोकांकडे पाठ करून, डोक्यावरून दुपट्टा घेऊन बसले होते. समोर पेटी, पेटीपलीकडे त्यांची बायको रुख्मिणी. लकव्यानं तिची डावी बाजू लुळी केली होती. उजवा हात सुरांवर फिरे, पण भाता मारायला दुसरा हात नव्हता. तो हात खुशालरावांचा.

घरी दार लावून दोघं रोज बसत. ती सूर पेरायची, हे वारा घालायचे. तान लांबणार असली की तिच्या आधी यांना कळे. पण ही गोष्ट त्यांच्या गावात, तिवशात, पानठेल्यावर पोचली होती.

“काय खुशालराव, बायकोच्या पेटीत हवा भरून रायले म्हन्ते? आमच्या सायकलीतबी भरा ना राजेहो!”

खुशालराव सगळ्यांबरोबर हसले होते. तेव्हापासून चार माणसांत भात्याचं नाव निघालं तरी त्यांची मान खाली जाई.

ते कडेला सरकले. तोंड लोकांकडे झालं. पहिल्याच रांगेत त्यांचे व्याही, अकोल्याचे बाबाराव, मुलीचे, रागिणीचे सासरे. भजन रंगात आलं, तसा बाबारावांनी मोबाइल उंच धरला.

“इवाईबुवा! इकडं पाहा, इकडं!”

खुशालरावांचा हात भात्यावरून सुटला आणि दुपट्टा तोंडावर ओढू लागला.

सूर पेटीच्या पोटात विरला. रुख्मिणीची बोटं मात्र चालतच राहिली. नुसत्या पट्ट्यांची खडखड माइकमधून कार्यालयभर गेली. तिनं एकदा त्यांच्या हाताकडं पाहिलं. मग मान वर केली आणि पेटीवाचून उघड्या गळ्यानं कडवं उचललं. बायांनी मागून धरलं, म्हणून भजन तडीस गेलं.

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली, हे शेजारी.

“हाताले मुंग्या आल्या होत्या,” खुशालराव म्हणाले.

“असन,” ती म्हणाली. आपला मेलेला हात तिनं उचलून मांडीवर नीट ठेवला आणि खिडकीबाहेर पाहत राहिली. आपण कोणापुढं काय बोललो, ते तेव्हा खुशालरावांना कळलं. तिवसा येईपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.

त्यानंतर तिनं त्यांना पेटीवर बोलावलं नाही.

एका संध्याकाळी वावरातून येताना घरातून सूर ऐकू आले. तुटके, दम लागल्यासारखे. त्यांनी दारातून पाहिलं. रुख्मिणीनं उजवा पाय पेटीच्या कडेनं लांबवला होता आणि टाच वळवून भाता ओढत होती. दसऱ्याला जिला हळदकुंकू वाहायचं, लहानपणी रागिणीचा चुकून पाय लागला म्हणून जिच्यापायी तिला धपाटा बसला होता, त्याच पेटीला पाय. सूर तुटला की ती पेटीला हात लावून कपाळाला नेई. मग पुन्हा टाच.

“पाय लावून रायली तू पेटीले?”

“मंग काय करू? हात तं एकच हाय.”

“मी हावो ना!”

“तुमी घरातच हाय,” ती शांतपणे म्हणाली. “मले मंदिरात वाजवाचं हाय.”

गुरुवारी मंदिरात बाया जमल्या. भजनी मंडळाच्या पार्बताबाईंनी सतरंजीवर पेटी ठेवली, आणि रुख्मिणीजवळ येऊन हळूच म्हणाल्या, “बाई, पाय धुऊन ये वो. देवाच्या पेटीले लागनार हाय तो.”

रुख्मिणी नळाशी गेली. उजवा पाय उचलावा तर डावा भार घेईना. भिंतीला धरावं तर पाणी घालायला हात उरेना.

समोर पारावर सगळे बसले होते, पानठेल्यावरचेसुद्धा. खुशालराव त्यांच्यातून उठले. नळाखालचा लोटा भरला आणि तिच्यासमोर खाली बसले.

“काय करून रायले? लोकं पाहून रायले ना!” ती पुटपुटली.

त्यांनी तिचा पाय आपल्या गुडघ्यावर घेतला. तोल जाऊ नये म्हणून तिनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. पारावर कोणीतरी खाकरलं. खुशालरावांचे कान तापले, पण त्यांनी मागं पाहिलं नाही.

आत टाळ सुरू झाले. टाचेच्या भेगांत काळी माती घट्ट बसली होती. ते अंगठ्यानं ती काढत राहिले. निघेना, तेव्हा त्यांनी लोटा पुन्हा भरला.