डाळिंबाची साल आणि बाबांचं तीर्थ

येवल्याच्या विणकर आळीत त्या सकाळी मागावर एकही माणूस नव्हता. सगळी आळी कुसाबाईच्या परसात जमून धुनीबाबांच्या कलशाकडे डोळे फाडून बघत होती. महिन्याभरात बाबांचा अंगारा लावूनही गोवराने दोन पोरं गेली होती आणि हे चेटकिणीचं काम आहे, असा निकाल बाबांनी सुपारी चघळत दिला होता. बाबा शिष्याच्या झोळीतून घरटी कोऱ्या मांजरपाटाची एक पट्टी काढत आणि तीर्थात बुडवत. सतरा घरांच्या पट्ट्या जशाच्या तशा निघाल्या. कुसाबाईची काळीकुट्ट निघाली.

"पाप वर आलं," बाबा म्हणाले. "हिला गावाबाहेर काढा. बाग मुळासकट उपटा."

सावळीराम विणकराने लगेच कुदळ उचलली. परसात झेंडू होता, डाळिंबं होती, तीन वर्षं जपलेली मंजिष्ठा होती. विलायती रंगाच्या पुड्यांच्या दिवसांतही या झाडांच्या रंगावरच विधवा कुसाबाईची चूल पेटत होती.

तिने ती काळी पट्टी जिभेला लावली. चव डाळिंबाच्या सालीची, तुरट लागली; म्हणजे तिची पट्टी आधीच सालीच्या पाण्यात भिजवून आणली होती. तिची भीती पळून डोकंच फिरलं. डाळिंबाच्या सालीच्या पाण्यातून काढलेलं सूत लोखंडाच्या पाण्यात घालून काळं करण्यात या आळीचा जन्म गेला होता. तेच लोखंडाचं पाणी तांब्याच्या कलशातून आलं, तर यांनी अक्कल गहाण टाकून हात जोडले होते!

पाया पडायचं निमित्त करून ती पुढे झाली. बाबांच्या पांढऱ्याशुभ्र उपरण्याचं टोक तिने धरलं, शेजारच्या घंगाळातल्या सालीच्या पाण्यात बुचकळलं, पिळलं आणि बाबांनी ओढून घ्यायच्या आत कलशात घातलं. टोक काळं झालं.

"आता बाबालाबी गावाबाहेर काढा," कुसाबाई म्हणाली.

सावळीरामने कलश उपडा केला. तळातून गंजके खिळे आणि घोड्याची नाल पडली. ही चेटकिणीची माया आहे, असं बाबा सांगू लागले, पण त्यांच्या शिष्याने झोळी घेऊन केव्हाच पळ काढला होता.

सावळीराम खजील होऊन तिच्या पायाशी वाकला. तिने पाय मागे घेतले.

"माझ्या पाया नको पडू. तुझा केरू तापानं फणफणलाय, अन् तू त्याला अंगारा लावून निजवलंय. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात ने. ती दोन पोरं चेटकानं नाय गेली, आपण बाबाच्या नादी लागलो म्हणून गेली."

सावळीराम कुदळ तिथेच टाकून घराकडे धावला.