भिंतीचं पाणी

आमच्या गावातल्या चर्चला आम्ही ख्रिस्ती लोक देऊळच म्हणतो. बाहेरून आलेला माणूस गोंधळतो, तर गोंधळू दे. अहमदपूरहून चाकूरकडे जाताना एसटीतूनही ते दिसायचं. काळ्या दगडाच्या जाड भिंती, टोकदार कमानीच्या खिडक्या, वर लहानसा घंटाघराचा मनोरा. आत मूर्ती नाही, तसबीर नाही, साधा क्रूससुद्धा नाही. मधोमध सागवानी व्यासपीठ आणि त्यावर बायबल, बस. आमच्या प्रेस्बिटेरियन लोकांना नटवणं म्हणून माहीत नाही.

निजामाच्या राज्यात मोठा दुष्काळ पडला, तेव्हा मिशनच्या गोऱ्या साहेबानं उपाशी लोकांना काम मिळावं म्हणून ते बांधायला काढलं. माझे पणजोबा लिंबाजी त्या कामावर होते. चुन्यात गूळ आणि हिरड्याचं पाणी घालायचे. मजूर गूळ चाटून संपवतील म्हणून राखण ठेवली होती म्हणे, आणि राखण करणाराच चाटायचा.

भिंतींच्या बाहेरून पायाला लागून दगडी नाळी होती, तिला जागोजाग भोकं. होळी झाली की मृगापर्यंत दर रविवारी प्रत्येक घरानं एक घागर त्या नाळीत ओतायची, अशी आमची रीत. का, ते कुणाला ठाऊक नव्हतं. दुष्काळात तहानेनं मेलेल्यांसाठी, असं आम्ही धरून चाललो होतो. गावातले लोक चिडवायचे, "किरिस्ताव झाले, पर पितरांला पाणी पाजायचं काई सुटंना!"

लातूर जिल्हा वेगळा झाला, त्यानंतर तीन-चार वर्षांतच पाऊस रुसला. आड आटले, टँकर येईल तेव्हा येईल. बायका एकमेकींच्या झिंज्या धरायला लागल्या. अशात होळी झाली आणि नाळीत पाणी ओतायचं की नाही हा प्रश्न उभा राहिला.

आमच्यात पाळक, म्हणजे धर्मगुरू, एकटा काही ठरवत नाही. मंडळीनं निवडलेले पंच, त्यांना आम्ही वडील म्हणतो, एकत्र बसतात आणि हात वर करून ठरवतात. माझे बाप याकोब, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, त्या वडिलांपैकी एक. मिरजेकडून आलेले तरुण पाळकसाहेब म्हणाले, "मेलेल्यांना पाणी पाजणं ख्रिस्ती मंडळीला शोभत नाही." दोघे त्यांच्या बाजूचे, दोघे रीत मोडायला घाबरणारे. राहिले दादा.

दाराशी बसलेली म्हातारी कोंडाबाई मध्येच बोलली. "याकोबा, तुझा आजा लिंबाजी मरताना सांगून गेला व्हता, पाणी चुकवू नगा."

"काहून, ते सांगितलं का, आत्या?"

"न्हाई. तेवढंच सांगितलं."

"मग मेलेल्यायचं ऱ्हाऊ द्या," दादा म्हणाले, "जित्त्यायचं बघा." आणि त्यांनी हात वर केला.

नाळीत ओतायचं पाणी देवळाच्या दाराशी रांजणात भरून ठेवायला लागलो. ज्याला तहान त्यानं प्यावं. आमच्या हातचं पाणी कधी न प्यालेल्या किशनरावांच्या घरातली सूनसुद्धा कळशी भरून घेऊन गेली. त्या दिवशी दादांचा चेहरा बघण्यासारखा होता. मलाही बापाचा फार अभिमान वाटला, आणि आजही तो निर्णय मला चुकीचा म्हणवत नाही. हेच तर दुखतं.

वैशाखात एका सकाळी व्यासपीठावर चुन्याचा भुगा पडलेला दिसला. पूर्वेची भिंत वरपासून खालपर्यंत तडकली होती. माझा हात आत जात होता.

लातूरहून इंजिनियर आले. जिल्हा जवळ आला, त्याचा आम्हाला झालेला फायदा एवढाच की वाईट बातमी लवकर पोचली. त्यांनी पायाशी खणून पाहिलं. "मुरूम लागेपर्यंत पाया नेलाच नाही. उपाशी माणसं किती खणणार? काळ्या मातीवरच भिंत उभी केलीय. ही माती वाळली की आकसते. एवढी वर्षं ओली कशी राहिली?"

 दादांनीच नाळीचं सांगितलं.

"ज्यानं सांगितलं तो शहाणा होता," इंजिनियर म्हणाले. "बंद कुणी केलं?"

"म्या," दादा म्हणाले. मंडळीनं केलं, असं ते म्हणू शकले असते.

त्या संध्याकाळी त्यांनी घरातली शेवटची घागर उचलली. माय आडवी आली. "लेकरं कोरड्या घशानं झोपतील आन् तुम्ही भिंतीला पाजून राहिले का?" घागर खाली ठेवावी लागली. नाहीतरी उपयोग नव्हता. इंजिनियरांनी बजावून ठेवलं होतं, आता पाणी घालू नका, भेगेतून आत शिरेल. टेकूनं भागणार नाही, छप्पर उतरवून भिंत खोलावी लागेल, आणि ते मृगाच्या आत होणारं काम नाही. पहिला मोठा पाऊस आला की माती फुगेल आणि भिंत बाहेरच्या अंगाला कोसळेल. देवळाला कुलूप लागलं.

रविवारची उपासना समोरच्या लिंबाखाली व्हायला लागली. मृग तोंडावर आला तेव्हा पाळकसाहेबांनी पावसासाठी खास प्रार्थना ठेवली. रांजणाचं पाणी प्यालेलं निम्मं गाव आलं, किशनरावसुद्धा टोपी हातात घेऊन उभे होते. प्रार्थना निवडलेल्या वडिलांनी आळीपाळीनं चालवायची असते. त्या रविवारी पाळी दादांची होती.

"दुसऱ्या कुणाला सांगू का?" पाळकसाहेबांनी हळूच विचारलं. दादांनी नकाराची मान हलवली आणि ते उभे राहिले.

देवाची स्तुती झाली, आभार झाले. मग ते थांबले. इतके थांबले, की लोक डोळे उघडून बघायला लागले. मला वाटलं, आता खाली बसतील. मनातल्या मनात मी म्हणत होते, बसा दादा, बसा.

"प्रभू," ते म्हणाले, "पाऊस दे. लई दे. लेकरं तहानली हायत."

जमलेल्या सगळ्यांनी मोठ्यानं आमेन म्हटलं. ज्यांना तो शब्द माहीत नव्हता त्यांनीही. आणि सगळ्यांच्या माना वर आभाळाकडे गेल्या. दादा तेवढे भिंतीकडे बघत राहिले.