उजव्या टोपलीतली पिसं

“काका, तुमचे बाण पिऊन सुटतायत की काय?” तिरंदाजीच्या मास्तरांनी बाराच्या बारा बाण बाकावर ठेवले. वीस वर्षांत त्यांनी एकही परत आणला नव्हता.

बाणकारानं एक उचलून उजेडात धरला. शेपटाला तीन पिसं. दोन एका अंगाला कललेली, तिसरं उलटं. दुसऱ्या बाणाचंही तेच. पक्ष्याच्या डाव्या पंखातलं पीस एकीकडे वळतं, उजव्यातलं दुसरीकडे. एका बाणाला तिन्ही एकाच पंखाची लागतात. हे त्याला बाराखडीच्या आधीपासून ठाऊक.

आत खिडकीशी बायको पिसं निवडत होती. पुढ्यात पोतं, दोन अंगांना दोन टोपल्या. चाळीस वर्षांचं तिचं काम. नुसत्या अंगठ्यानं देठ चाचपायची आणि गुणगुणायची,

डावं डाव्याच्या घरी, उजवं उजव्याच्या दारी,
घर चुकलं पिसाचं, बाण फिरे माघारी.

मागल्या थंडीत तिला पक्षाघाताचा झटका आला. डावा हात मांडीवर निजला तो निजलाच. पाठोपाठ डावी बाजूच तिच्या जगातून पुसली गेली. ताटातलं डावीकडचं तसंच राहायचं. डावीकडून हाक मारली तर ती उजवीकडे बघायची.

आज डावी टोपली रिकामी होती. काल, परवाही असणार. उजवी मात्र शिगोशीग. त्यातलं पीस लावण्याआधी तपासायचं म्हणजे तिनं केलेली भाजी विश्वास नसल्यासारखी आधी चाखून बघायची. ते त्यानं जन्मात केलं नव्हतं.

“पिसं वाईट आली का?” मास्तर म्हणाले. “माझ्याकडे गरुडाची आहेत. कड्याखाली पडलेली. कुणी मारलं नाही, धरलं नाही. कोण विचारतंय?”

“नको. रानपाखराचं गळालेलं पीससुद्धा कायद्यात बसत नाही. आपली टर्कीवाल्याची बरी, पाळीव पक्ष्यांची, पावतीसकट.”

“त्यानं तर पक्षी विकून टाकले म्हणे.”

“हो. हे शेवटचं पोतं.”

“मग चुकलं कुठं?”

“माझ्या डोळ्यांत,” बाणकार म्हणाला.

आतून आवाज आला, “अहो, कोण आहे? माझ्या पिसांना नावं ठेवतंय का कुणी?”

“नाही गं. मास्तर आलेत, कौतुक करतायत.”

“करू देत की! जन्मभर डावं-उजवं करत आले, पण कुणात डावं-उजवं केलं नाही मी.” आणि ती स्वतःच हसली, अर्ध्या ओठांनी.

मास्तरांनी आत पाहिलं. दोन टोपल्या पाहिल्या. 

“काका, पोरांची स्पर्धा तोंडावर आलीय. यंदा प्लास्टिकच्या पिसांचे मागवतो. राग नका मानू.”

“राग कसला? पोरांचे नेम लागले पाहिजेत.”

मास्तर गेले. बाण मात्र बाकावरच राहिले.

“अहो, पोतं संपलं हो,” ती म्हणाली. उजवा हात रिकाम्या पोत्यात चाचपडत होता. “आता काय करू मी?”

“आणतो.”

त्यानं पोतं आणि उजवी टोपली उचलून परसात नेली. टोपली पोत्यात उपडी केली, हात घालून पिसं खालवर केली रिकामी टोपली पुन्हा जागेवर ठेवली आणि पोतं आणून तिच्या पुढ्यात ठेवलं, जरा उजवीकडे सरकवून.

“नवीन आलं?”

“आलं.”

“पावती घेतलीत ना? नाहीतर उगाच नसती बिलामत.”

“घेतली.”

तिनं एक पीस काढलं, देठावरून अंगठा फिरवला. “डावं डाव्याच्या घरी...” म्हणत ते उजव्या टोपलीत टाकलं.

तो तिच्या डाव्या अंगाला जाऊन बसला.