गच्चीवरचं अस्वल

संघपालनं डिशमध्ये दोन्ही हात घातले आणि ओंजळभर मोहफुलं काढून गच्चीवर टाकली. खाली आणखी थर होता. त्याच्याखाली आणखी. वरची फुलं वाळून मनुक्यासारखी झाली होती, तळची चिकट होऊन आंबायला लागली होती. त्या वासानं सकाळपासून दोन कावळे कठड्यावर एकमेकांच्या आधारानं बसले होते म्हणतात, आणि उडायचं कसं ते दोघांनाही आठवत नव्हतं.

खाली पडवीत विद्यापीठाची समिती जेवायला बसली होती. ताक वाढलं की जेवण संपणार, आणि जेवण संपलं की डिश इथं ठेवायची की नाही याचा निर्णय.

"गोकुळाबाई, हे कोणी केलं?"

जिन्याच्या तोंडाशी उभी असलेली गोकुळा, कॉलेजची शिपाईण, पदराचं टोक पिळत होती.

"म्याच केलं, सर. खाली वाळवलं तं अस्वल येते. मागच्या साली शेजारच्या पोचूच्या आंगणातलं टोपलं चाटूनपुसून गेलं. मनलं, एवढी मोठी पांढरी परात वर रिकामीच पडून हाये. तिरपी होती, मोह सांडून राह्यला होता. मंग गावातल्या वारलूनं पाना लावला अन् सिधी करून देल्ली."

ती परात आकाशातल्या एका उपग्रहावर रोखलेली होती. जानेवारीत नागपूरच्या इंजिनिअरनं अख्खा दिवस खर्चून ती केसाकेसानं फिरवली होती, तेव्हा कुठं गोटेटोल्याच्या कॉलेजात इंटरनेट आलं होतं. आता ती सरळ वर आ वासून होती, आणि इंजिनिअरनं खांबावर खडूनं केलेली खूण मोहाच्या रसात धुऊन गेली होती.

संघपाल रामटेके विद्यापीठाच्या संगणक विभागाचा समन्वयक. जंगलातल्या कॉलेजांना डिश द्यायची योजना त्याची; ती मंजूर करून घेताना त्याच्या चपलांचे दोन जोड झिजले होते. त्याआधी गोटेटोल्याला निकाल टपालानं यायचा. एकदा म्हणे निकाल पोचला तेव्हा त्यातल्या एका पोराचं पोरगं शाळेत जायला लागलं होतं. लोक हे हसून सांगत. पण निकाल हाती येईपर्यंत नापासांची पुन्हा फॉर्म भरायची तारीख उलटून गेलेली असायची, हे हसण्यासारखं नव्हतं. अख्खं साल जायचं. गोकुळाच्या पोरीचं, डिंपलचं, मागच्या साली तसंच गेलं.

यंदाचा निकाल काल लागला होता. फॉर्मची मुदत आज संध्याकाळपर्यंत.

"यंदा बी साल गेलं तं तिचा मामा आयकत नाई, सर," गोकुळा म्हणाली. "लगन लावून टाकते मनते."

जिन्यावर बुटांचा आवाज आला. समितीचे अध्यक्ष काळमेघ साहेब रुमालानं हात पुसत वर आले. त्यांनी डिश पाहिली, फुलांचा ढीग पाहिला, कावळेही पाहिले.

"रामटेके, ही योजना तुमचीच ना?"

"हो साहेब."

"उद्या ही खोलून घेऊन या. ऊर्जानगरजवळच्या कॉलेजला देऊ."

"साहेब, त्यांच्याकडे टेलिफोन आहे, त्यावर इंटरनेट चालतं. इथं काहीच नाही."

"इथं मोह आहे," काळमेघ साहेब म्हणाले आणि खाली उतरले. थोड्या वेळानं जीप निघून गेली. धूळ बराच वेळ रस्त्यावर उभी होती.

संघपालनं पाना उचलला.

खाली संगणकापुढं डिंपल बसली. शेजारच्या यंत्रावर एक बारीक दिवा होता, लाल. तो हिरवा झाला की आकाश सापडलं. गोकुळा जिन्याच्या मधल्या पायरीवर उभी राहून इकडचा आवाज तिकडं पोचवू लागली.

"लाल का वो?"

"लालच हाये, आई!"

"लालच, सर!"

डिश थोडी डावीकडं. लाल. थोडी खाली. लाल. ऊन पाठीवरून मानेवर आलं. वीज ऊर्जानगरला तयार होते, पण गोटेटोल्यापर्यंत ती पायी येते आणि वाटेत झाडाखाली बसून दम खाते. दुपारी ती बसली ती उठलीच नाही. संगणक बॅटरीवर चालू होता आणि बॅटरी अधूनमधून कण्हत होती.  संघपालच्या हातातून पाना निसटून फुलांत पडला. त्यानं तो उचलला नाही. डिशच्या कडेला कपाळ टेकवून तो तसाच उभा राहिला.

गोकुळा वर आली. तिनं डिशची दुसरी कड धरली.

"सांगा सर, कुठी नेऊ?"

"मलेच मालूम नाई, बाई."

"तिकडं आभाळात हाये तरी काय?"

"एक यंत्र हाये. दिसत नाई."

"रातच्याले मोह बी दिसत नाई," गोकुळा म्हणाली. "हात फिरवत राह्यलं का भेटते. चाला, तुमी त्या कडीनं घ्या."

दोघं डिश फिरवत राहिले, चिमटीनं फुलं वेचावीत तसं, तसूतसूनं. आता मधे निरोप्या नव्हता. डिंपलचा आवाज खिडकीतून थेट येत होता. लाल. लाल. बॅटरी कण्हली. लाल. सावल्या कठड्याला चिकटल्या. मग पुढचं 'लाल' आलंच नाही.

"डिंपल?"

"हिरवा, आई! हलू नका कोणी, हिरवा झाला!"

संघपालनं गोकुळाला कड धरून ठेवायला लावली, फुलांतला पाना उचलून नट आवळले, आणि जिना तीन-तीन पायऱ्यांनी उतरला.

निकालाचं पान वरून खाली, ओळ-ओळ करत उघडलं. डिंपलनं बोट ठेवलं आणि काढून घेतलं.

"इंग्रजीत राह्यली मी."

गोकुळा दारातच खाली बसली. तिचे खांदे हलत होते. संघपाल काही बोलणार, तोच तिनं पदर बाजूला केला, तर ती हसत होती आणि डोळे गळत होते.

"येळेवर नापास झाली ना वो सर? येळेवर झाली!"

डिंपलचा फॉर्म गेला. तिच्यासारख्या बाकीच्यांचेही गेले. शेवटचा गेला आणि बॅटरीनं मान टाकली.

दुसऱ्या दिवशी दुपारी संघपाल रिकाम्या हातांनी काळमेघ साहेबांच्या टेबलापुढं उभा राहिला. रजेच्या अर्जातही त्यानं कधी खोटा ताप लिहिला नव्हता.

"डिश?"

"आणता आली नाही, साहेब. अस्वलानं मोडली."

"अस्वलानं."

"मोहाच्या वासानं गच्चीवर चढलं. आता ती आणून काही उपयोग नाही."

काळमेघ साहेबांनी चष्मा काढून पुसला.

"केवढं होतं?"

संघपालनं हात पसरले. फार झाले असं वाटून थोडे जवळ आणले.

"काल संध्याकाळी गोटेटोल्याहून फॉर्म आलेत. मुदतीच्या आत."

संघपालचे हात हवेत तसेच राहिले.

"म्हणजे फॉर्म गेल्यावर चढलं ते."

"हो साहेब," संघपाल कसंबसं म्हणाला. "नंतर."

काळमेघ साहेबांनी पेन उघडलं. 'वन्यप्राण्यामुळे निकामी' असा शेरा मारून सही केली, शाई वाळेपर्यंत त्यावर फुंकर घातली. मग वर न पाहता, कुठल्याही बैठकीत त्यांच्या तोंडून कुणी ऐकली नव्हती त्या बोलीत म्हणाले,

"त्या अस्वलाले सांगजा, रामटेके. मोह आता दुसरीकडं वाळवत जाय मना."