डास वाजल्यानंतर

“ताई, आज तुम्हीच आत बसाल का? अर्ध्या तासाचा प्रश्न आहे,” शंतनु म्हणाला आणि कस्तुरी उत्तर देण्याआधीच त्यानं तिच्या हातातली प्रयोगाच्या सामानाची थंड पेटी स्वतःकडे घेतली.

आदल्या संध्याकाळपासून फ्रीझिंग रेन, पडताच गोठणारा पाऊस, चालू होता. रस्ते काचेसारखे झाले होते, आणि यायच्या दोन स्वयंसेवकांपैकी एकानं ऐन वेळी ‘गाडी निघत नाही’ असा मेसेज टाकला होता. कॅनडातल्या ग्वेल्फ शहराच्या बाहेर, भाड्यानं घेतलेल्या एका गोदामाच्या आवारात पांढरा ट्रेलर उभा होता. आत बटाट्यांची पोती, पुठ्ठ्याची खोकी. त्यांच्यामागे दोन माणसांनी बसायचं, दार बंद करायचं, आणि बाहेरच्या, वास ओळखणाऱ्या डब्याला ती माणसं सापडतात का ते बघायचं, एवढाच प्रयोग.

कस्तुरी मोघे त्या डब्याची एका अर्थानं आईच होती. नागपूरहून मायक्रोबायॉलॉजीची एम.एस्सी. घेऊन ती नवऱ्यामागोमाग कॅनडाला आली, लॅब टेक्निशियन म्हणून लागली आणि टेक्निशियनच राहिली. त्याची खंत करण्याचे दिवस कधीच मागे पडले होते. त्यांची प्रयोगशाळा खरं तर शेतीमालाची. सफरचंदाच्या गोदामात कुठलं फळ सडायला लागलंय हे वासावरून ओळखणारी चिप त्यांनी बनवली होती. मग युरोपातल्या काही देशांनी मिळून सीमासुरक्षेचा एक मोठा प्रकल्प काढला, त्यात या प्रयोगशाळेला भागीदार करून घेतलं, आणि सफरचंदाच्या जागी माणूस आला.

माणसाचा घाम डासाला लांबून कळतो. त्याच्या मिशांमध्ये तशी प्रथिनं असतात. ती प्रथिनं बाटलीतल्या पेशींकडून तयार करून घ्यायची, हे कस्तुरीचं काम. रविवारीसुद्धा ती पेशींना खायला घालायला जायची. ती प्रथिनं नखाएवढ्या चिपवर बसवायची, चिप डब्यात आणि डब्याची नळी ट्रकच्या तळाला पाणी निघून जायला भोक असतं, तिथे लावायची. आत माणूस लपलेला असेल तर डबा वाजायचा. शंतनु पुण्याचा, तिशीतला शास्त्रज्ञ. त्यानं डब्याला ‘डास’ नाव दिलं, आणि रॉटरडॅमपासून अथेन्सपर्यंत सगळे त्याला ‘दास’ म्हणू लागले.

कस्तुरी आत चढली. दुसरा स्वयंसेवक आधीच दाराशी बसला होता. उंच, सडपातळ, चाळिशीच्या आसपासचा. तेस्फाय. मूळचा एरिट्रियाचा, आता ग्वेल्फमध्ये एका बेकरीत कामाला.

“तुम्ही मागे, खोक्यांपाशी बसाल?” त्यानं इंग्रजीत विचारलं. “मला दाराजवळ बसू दे. चालेल ना?”

“चालेल की.”

दार बंद झालं. बाहेरून कडी सरकल्याचा आवाज आला. अंधारात बटाट्यांचा मातकट वास होता. घाबरलो तर आतून ठोकायचं, लगेच उघडतील, हे तिनंच कितीतरी स्वयंसेवकांना समजावलं होतं.

“बोललं तर चालतं?” तेस्फायनं विचारलं.

“चालतं. त्याला ऐकू येत नाही. वास कळतो फक्त.”

“मागच्या वेळी बोलायचं नाही असं ठरलं होतं,” तो म्हणाला.

कस्तुरीला आधी वाटलं, तो आधीच्या एखाद्या चाचणीबद्दल बोलतोय. मग हळूहळू तिच्या लक्षात आलं, तो खऱ्याखुऱ्या ट्रकबद्दल सांगतोय.

तो ट्रक चीजचा होता. युरोपातल्या एका बंदरावरून बोटीवर चढणार होता. शीतगृहासारखा, सगळीकडून बंद. बोट सुटेपर्यंत कुणी हूं की चूं करायचं नाही, असं सगळ्यांनी एकमेकांना वचन दिलं होतं. पोलिसांचे कुत्रे बाहेरून दोनदा हुंगून गेले. चीजच्या वासापुढे त्यांना काही कळलं नाही. आतल्यांना फार आनंद झाला. पण ट्रक रांगेतच उभा राहिला. बराच वेळ. काही जण पेंगायला लागले. तेस्फायचा चुलतभाऊ योनास त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपला होता. तेस्फायनं त्याला हलवलं, तो उठेना.

“मग मी ठोकायला लागलो. कुणीतरी माझं तोंड दाबलं. मी त्याच्या हाताला चावलो आणि ठोकतच राहिलो.”

“उघडलं?”

“उघडलं. बाकी सगळे वाचले. योनास नाही.”

आपला श्वास मोठ्यानं ऐकू येतोय असं तिला वाटलं.

“ज्याला मी चावलो, त्याला परत पाठवलं. परत म्हणजे आमच्या देशात. त्याचं पुढे काय झालं कुणालाच माहीत नाही. त्याची बायको टोरांटोला असते. चर्चमध्ये दिसते कधीतरी. माझ्याशी बोलत नाही. तिचंही बरोबर आहे.”

“मग तुम्ही इथे कशाला आलात? या प्रयोगाला?”

“मला बघायचं होतं,” तेस्फाय म्हणाला, “यानं आम्हाला शोधलं असतं का.”

अर्ध्या तासानं दार उघडलं. शंतनुचा चेहरा उतरलेला होता.

“सापडलो?” तेस्फायनं विचारलं.

“आज नाही. थंडीत घाम कमी येतो ना. आम्ही नळीला हीटर लावू. पुढच्या वेळी नक्की.”

तेस्फायनं जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली, दोघांचे आभार मानले आणि बर्फावरून जपून पावलं टाकत बस स्टॉपकडे निघाला.

त्या संध्याकाळी कस्तुरीनं विलासला सगळं सांगितलं. तो किचनमध्ये पोळ्या शेकत होता. रिटायर झाल्यापासून पोळ्या त्याच्याकडे होत्या.

“मग आता काय विचार करून राहिली तू?” तो म्हणाला. नागपूर सोडून इतकी वर्षं झाली तरी त्याचं ‘करून राहिली’ काही सुटलं नव्हतं.

“तेच कळत नाहीये. वाजावं असं वाटतं, आणि वाजू नये असंही वाटतं.”

“हे बघ, तू पेशी वाढवतेस. पुढचं बॉर्डरवाल्यांनी बघायचं. चाकू बनवणारा भाजी कोण चिरतं ते विचारत बसत नाही.”

“चाकू भाजीसाठी बनवतात, विलास. हा डबा कशासाठी बनवतोय आपण?”

“माणसं शोधायला. त्या तेस्फायचंच बघ ना, कुत्र्यांनी शोधलं असतं तर भाऊ वाचला असता.”

“आणि ज्याला परत पाठवलं तो?”

विलासनं पोळी उलटली. ती फुगली, पण त्याचं लक्ष नव्हतं. “मला नाही माहीत,” तो म्हणाला.

तो तसं म्हणाला याचं तिला बरं वाटलं.

पुढच्या रविवारी ती नेहमीप्रमाणे लॅबमध्ये गेली. इन्क्युबेटरचं दार उघडून ती थोडा वेळ नुसती उभी राहिली. बाटल्यांच्या तळाशी पेशींचा पातळ थर होता. आज खायला घातलं नाही तर दोन-तीन दिवसांत त्या मरतील. कुणी तिला जाब विचारणार नाही, पेशी मरतात कधी कधी. तिनं ग्लव्ह्ज चढवले आणि एकेका बाटलीतलं जुनं पोषक पाणी काढून नवं घातलं. काम नीट केलं. उलट नेहमीपेक्षा जास्तच नीट. डबा अर्धवट वाजला तर कुणाचंच भलं होणार नाही, एवढं तिला वाटत होतं. त्यापुढचं तिला ठरवता येत नव्हतं.

महिन्याच्या मीटिंगला स्क्रीनवर युरोपातले सगळे चेहरे होते. कस्तुरी या मीटिंगना बसायची, पण बोलायची वेळ तिच्यावर सहसा येत नसे. शंतनुनं हीटरची आकृती दाखवली. सगळ्यांना पसंत पडली. शेवटी प्रकल्पप्रमुख आनेमीक या डच बाईंनी विचारलं, “आणखी कुणाला काही?”

कस्तुरीनं माईक चालू केला. “यंत्र वाजलं की ट्रकचं दार कोण उघडणार? आणि किती वेळात?”

ग्रीसच्या बंदरावरचे एक अधिकारी म्हणाले, “ट्रक बाजूला घेतात. पोलीस येतात, डॉक्टरला कळवतात. गर्दी असेल तर वेळ लागतो. प्रत्येक देशाची पद्धत वेगळी असते, मॅडम.”

“आतल्या लोकांना हवा पुरत नसेल तर?”

“प्रश्न महत्त्वाचा आहे,” आनेमीक म्हणाल्या. त्या मनापासून म्हणाल्या, हे दिसत होतं. “पण आपलं काम यंत्र वाजण्यापर्यंतचं आहे. त्यापुढचं आपल्या प्रकल्पात येत नाही.”

आणि पुढच्या भेटीच्या तारखा निघाल्या.

फेब्रुवारीच्या शेवटी आनेमीक स्वतः ग्वेल्फला आल्या. थंडी कडाक्याची होती, पण आकाश स्वच्छ होतं. तेस्फाय पुन्हा आला होता. यावेळी त्याच्यासोबत मागे बसायला विद्यापीठातली एक मुलगी होती, अक्षता. तेस्फायनं याही वेळी दाराजवळची जागा मागून घेतली.

चाचणी अशी होती: डास वाजला तरी दार उघडायचं नाही. अर्धा तास तसंच ठेवायचं आणि वाजणं टिकतं का ते बघायचं. हे सगळ्यांना आधी सांगितलेलं होतं. तेस्फायला, अक्षताला आणि कस्तुरीलाही.

शंतनुनं नळी लावली. आनेमीक हातमोजे चोळत डब्यापाशी उभ्या राहिल्या. फार थांबावं लागलं नाही. डबा वाजला. बारीक, एकसुरी आवाज, खरोखर डासासारखाच. शंतनुनं मूठ वळून हवेत नेली आणि आनेमीकनी हसून त्याच्या पाठीवर थाप मारली. तीन वर्षांचं काम होतं ते. कस्तुरीचंही होतं.

ती ट्रेलरच्या मागच्या बाजूला गेली. तिनं कडी सरकवली आणि दार उघडलं.

“ताई!” शंतनु धावत आला. “काय करताय? अजून वेळ आहे. रन खराब झाला सगळा.”

“वाजलं ना ते?”

“वाजलं, पण पूर्ण अर्धा तास...”

“वाजलं म्हणजे आत माणसं आहेत,” कस्तुरी म्हणाली. “मग उघडायचं, शंतनु. आपण तरी उघडायचं.”

उजेडाकडे बघत डोळे बारीक करून तेस्फाय दाराशी बसला होता. मागून अक्षतानं विचारलं, “आर वी डन?” डबा वाजतच होता. शेवटी आनेमीकनी स्वतः वाकून तो बंद केला.

पुढे मोठं असं काही झालं नाही. चाचणी दुपारी पुन्हा घेतली, यावेळी कस्तुरीला लॅबमध्ये पाठवून. ती यशस्वी झाली. संध्याकाळी आनेमीक लॅबमध्ये आल्या आणि कस्तुरीशेजारच्या स्टुलावर बसल्या.

“तुम्ही सकाळी जे केलंत ते मला समजलं,” त्या म्हणाल्या. “पण तुम्हाला पुन्हा चाचणीवर पाठवता येणार नाही. तुम्हालाही हे समजत असेल.”

“समजतं.”

“पेशींचं काम मात्र तुम्हीच करा. तुमच्यासारख्या पेशी कुणाच्याच होत नाहीत.”

कस्तुरीनं मान हलवली. हो म्हणाली की विचार करते म्हणाली, ते तिचं तिलाही नीट कळलं नाही. आनेमीक जाताना म्हणाल्या, “दाराचा मुद्दा मी तिकडे पुन्हा काढीन. काय होईल सांगता येत नाही.”

“काढा,” कस्तुरी म्हणाली.

ती पार्किंगमध्ये आली तेव्हा तेस्फाय गेटपाशी उभा होता. दुपारच्या चाचणीनंतर शंतनुनं त्याला लॅबमध्ये कॉफीला आणलं होतं, आणि त्याची बस चुकली होती.

“चला, सोडते तुम्हाला,” ती म्हणाली.

तो शेजारी बसला. औद्योगिक वसाहत मागे टाकून गाडी शहराच्या रस्त्याला लागली. दोन्ही बाजूंना फावड्यानं बाजूला सारलेल्या बर्फाचे काळपट ढीग होते.

“दुपारी पूर्ण अर्धा तास बसलो,” तेस्फाय म्हणाला. “वाजलेलं आतून ऐकू येत होतं.”

“कसं वाटलं?”

“योनासला ऐकू आलं असतं,” तो म्हणाला.

थोड्या वेळानं त्यानं बटण दाबून आपल्या बाजूची काच खाली केली. आधी चार बोटं, मग अर्धी. बाहेरची बोचरी हवा सपकन आत आली. तो त्या हवेकडे तोंड करून डोळे मिटून बसला.

कस्तुरीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं. तिनं हीटर वाढवला, लोकरीची टोपी कानांवर ओढून घेतली आणि काच तशीच राहू दिली.